नखाची खूण

एकदा एक विद्यार्थी समुद्र ओलांडून एका विद्यापीठात आला आणि नऊ महिने गप्प बसला. त्या गप्प बसण्याला सर्वांनी सद्गुण मानले. पुढे जे घडले त्यात सर्वांचाच वाटा होता, म्हणून कोणालाही न वगळता ते सांगितले पाहिजे.

विद्यार्थी ज्या बेटावरून आला तेथे एका खाडीने गावाचे दोन तुकडे केले होते. एका तीरावर वस्ती, दुसऱ्या तीरावर शेते, गोड्या पाण्याची विहीर आणि देवाचे ठाणे. मध्ये एक होडी. दोन वर्षांपूर्वी भरतीच्या वेळी ती होडी उलटली आणि नऊ माणसे बुडाली. त्यांत विद्यार्थ्याची धाकटी बहीण होती. आपल्यातला कोणी पूल बांधायला शिकून आल्याखेरीज हे थांबणार नाही, असे गावाने ठरवले आणि याला निवडले, कारण एकदा ऐकलेले हा विसरत नसे. बाप चुना भाजणारा. किनाऱ्यावरचे शिंपले वेचून भट्टी लावायची हा त्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. मुलाच्या बोटांना चुन्याने पडलेल्या भेगा होत्या. विद्यापीठात तो हात बाह्यांत ओढून बसे.

त्याच्या बेटावर गुरूपुढे वागण्याची रीत कडक होती. गुरूशी बोलताना उजवा तळहात तोंडावर धरायचा, आपला श्वास त्यांना लागू नये म्हणून. त्यांच्या देहाला स्पर्श करायचा नाही. गुरूंचे काही चुकले असे मनात आले, तर बोलायचे नाही. त्या दिवशी उपास करायचा.

येथे सारेच उलटे. पाठ संपला की आचार्य एकच शब्द उच्चारीत: "शंका?" आणि विद्यार्थी तुटून पडत. कोणी म्हणे, हे मागच्या महिन्यात आपण निराळे सांगितले होते. कोणी जमिनीवर हात आपटून प्रमाण मागे. आचार्य सत्तरीचे होते, विद्यापीठाजवळच्या नदीवरचे दोन पूल त्यांच्या हातचे होते, आणि तरी विशीतली पोरे त्यांच्याशी अशी भांडत. बेटावरच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर जणू देवघरात चपला घालून नाच चालला होता.

पहिल्याच आठवड्यात त्याने धीर केला. उभा राहिला, तळहात तोंडावर धरला आणि मोडक्यातोडक्या भाषेत विचारले, पुलाच्या पायाला खारे पाणी लागत असेल तर चुना टिकतो का? हातामागून आलेले ते परके उच्चार ऐकून पुढच्या रांगेतला एक जण हसला. मग सगळे हसले. आचार्य त्या वेळी पोथीत एक पान शोधीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पुढे," एवढेच म्हणाले.

विद्यार्थी बसला, आणि पुन्हा उठला नाही.

त्याच्याच बेटावरचा एक थोरला गृहस्थ त्या विद्यापीठात सहा वर्षांपासून होता. शिकायला आला होता. आता ग्रंथशाळेत पोथ्यांच्या नकला करीत असे. संध्याकाळी दोघे एकत्र जेवत, आपल्या भाषेत बोलत, आपल्या पद्धतीचा भात शिजवीत. थोरला म्हणाला, "शिकलास ना धडा? आता माझं ऐक. मान डोलवायची. ते सांगतील ते लिहायचं, आणि परीक्षेत तेच परत द्यायचं. इथे कुणाला तुझं तोंड नकोय."

"पण मला कळलं नाही तर?"

"पाठ कर. कळून काय करायचंय?"

"पूल बांधायचाय, दादा."

"मीसुद्धा पूलच बांधायला आलो होतो," थोरला म्हणाला आणि ताटात भात वाढून घेतला.

तेव्हापासून विद्यार्थी शेवटच्या रांगेत बसू लागला. आचार्यांचा शब्दन्‌शब्द तो ताडपत्रावर उतरवी. अक्षर इतके सुंदर की आचार्यांनी एकदा ते पान सर्वांना दाखवले. "शिष्य असावा तर असा," ते म्हणाले. "तुमच्यासारखा कलकलाट नाही." मुले त्याला मौनीबुवा म्हणू लागली. "काय मौनीबुवा, आज जांभई तरी देणार का?" तो हसे. दर महिन्याला तो गावी पत्र धाडी: सर्व कुशल आहे, अभ्यास उत्तम चालला आहे, आचार्य प्रसन्न आहेत. गावात ते पत्र मोठ्याने वाचले जाई.

नवव्या महिन्यात प्रत्यक्ष काम निघाले. नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर विद्यार्थ्यांनी स्वतः एक कमान उभारायची होती. खाली लाकडी सांगाडा, त्यावर घडीव दगड, सांध्यांत चुना. त्या वर्षी डोंगरातल्या खाणीची वाट दरडीने बंद झाली होती, म्हणून चुना किनाऱ्याकडून होड्यांनी आला. तो शिंपल्यांचा चुना होता. चुना तो चुना, असे म्हणून कोणी त्याकडे पाहिले नाही. चुन्याच्या घाण्यात मळला आणि सांध्यांत भरला.

बेटावरच्या विद्यार्थ्याने तो चिमटीत घेतला मात्र, आणि त्याला आपले घर आठवले.

माथ्यावरचा कळीचा दगड बसला त्या दिवशी आचार्यांनी आपल्या गुरूंचा ग्रंथ उघडून वाचले: सातव्या दिवशी सांगाडा काढावा. विद्यार्थ्याने सुंदर अक्षरात लिहिले: सातव्या दिवशी. लिहिताना त्याचा हात थांबला होता. शिंपल्यांचा चुना ओलाव्यात महिनाभर बसत नाही, हे त्याच्या घरात लहान मूलही जाणे. ओढ्यावर दिवस उगवून दहा घटका होईपर्यंत धुके असे. बापाने एक परीक्षा शिकवली होती: सांध्यात अंगठ्याचे नख दाब. खूण उमटली तर लांब राहा.

"शंका?" आचार्यांनी विचारले.

कोणी लांबीरुंदीवरून वाद घातला, कोणी दगडाच्या जातीवरून. सात दिवसांविषयी कोणीच काही बोलले नाही. शेवटच्या रांगेत एक तळहात तोंडापर्यंत गेला आणि खाली आला.

तो दिवस त्याने उपास केला.

सहाव्या संध्याकाळी तो एकटा ओढ्यावर गेला आणि सांध्यात नख दाबले. नख लोण्यात जावे तसे आत गेले. थोरल्याला त्याने हे सांगितले. थोरला म्हणाला, "त्यांच्या गुरूंचा ग्रंथ खोटा आणि चुनेवाल्याचं पोर खरं? उद्या हसतील, आणि परवा काढून टाकतील. तू पाहिलंच नाहीस असं समज."

त्या विद्यापीठाची एक परंपरा होती. सांगाडा काढताना आचार्य स्वतः कमानीखाली उभे राहत. जे मी लोकांच्या डोक्यावर ठेवतो ते आधी माझ्या डोक्यावर, असा त्याचा अर्थ. सातव्या सकाळी आचार्य स्नान करून आले, कमानीखाली पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. सुतारांनी सांगाड्याच्या पाचरी ठोकून काढायला सुरुवात केली. विद्यार्थी वाळूत ओळीने उभे होते.

पहिली पाचर निघाली. दुसरी निघाली.

तेव्हा शेवटच्या रांगेतून एक आरोळी आली. ती कोणाला कळली नाही, कारण ती बेटावरच्या भाषेत होती. नऊ महिने दाबलेले तोंड उघडले तेव्हा त्याला येथली भाषा सापडली नाही. सुतारांनी वर पाहिले आणि पुन्हा हातोडा उचलला. मग तो धावला. ज्यांच्यावर श्वासही पडू द्यायचा नाही त्यांचे मनगट त्याने धरले आणि त्या वृद्धाला अक्षरशः फरपटत बाहेर ओढले. दोघे वाळूत पडले. कमान उभीच होती.

"मौनीबुवांना वेड लागलं," कोणीतरी म्हणाले.

तेवढ्यात एका सांध्यातून चुना ओघळला, पेज ओघळावी तसा. मग एक दगड खाली आला, आणि मग सगळे.

धूळ बसली तेव्हा आचार्य उठून उभे राहिले होते. मनगटावर ओरखडे होते. त्यांनी दगडांच्या राशीकडे पाहिले, एका दगडाला लागलेला चुना बोटाने निपटून पाहिला आणि विद्यार्थ्याकडे वळले.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

तळहात तोंडावर गेला. "सात दिवसांपासून, आचार्य."

सर्वांना वाटले, आता हे त्याला पोटाशी धरतील. आचार्यांचा चेहरा रागाने काळवंडला होता. ते म्हणाले, "तीन दिवसांनी गलबत समुद्राकडे जातं. त्यात बस. या विद्यापीठात तुला जागा नाही."

आणि चालू लागले.

ही गोष्ट कोणालाच उलगडली नाही. प्राण वाचवणाऱ्याला हाकलून देणे हा कोणता न्याय? काही म्हणाले, गुरूंना हात लावला म्हणून. काही म्हणाले, सर्वांदेखत मान गेली म्हणून. थोरला म्हणाला, "सांगितलं होतं मी. आता तरी शहाणा हो. जाण्यापूर्वी नमस्कार कर, क्षमा माग आणि मुकाट्यानं जा. निदान नाव चांगलं राहील."

तिसऱ्या सकाळी विद्यार्थी गाठोडे घेऊन आचार्यांच्या झोपडीपाशी गेला. आचार्य पूजेसाठी सहाणेवर चंदन उगाळीत बसले होते. त्याने जमिनीला डोके टेकवले.

"झाला नमस्कार. जा," आचार्य म्हणाले.

तो उठला नाही.

"गलबत सुटेल."

"नाही," तो जमिनीकडे तोंड करूनच म्हणाला.

"काय नाही?"

"जाणार नाही. आधी सांगा, मला का काढलंत." त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "मी मुकाट बसलो म्हणून? मग नऊ महिने माझी स्तुती कशाची केलीत? 'शिष्य असावा तर असा' हे कोण म्हणालं? मी मुकाट होतो तेच तर आपल्याला आवडत होतं."

चंदनाचे खोड सहाणेवर फिरत राहिले.

"पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं. चुना आणि खारं पाणी, एवढंच. सगळे हसले. आपण मान वर केली नाहीत. 'पुढे' म्हणालात."

"मला आठवत नाही."

"मला रोज आठवतं." त्याचा आवाज चढला. "माझी बहीण खाडीत बुडाली, आचार्य. मी इथे अक्षर सुंदर करायला आलो नव्हतो. नऊ महिन्यांत आपण एकदा तरी विचारलंत, तुझे हात असे का आहेत? माझा बाप चुना भाजतो. या सगळ्या विद्यापीठात चुन्याला रोज हात लावलेला माणूस मी एकटा होतो, आणि मला ते लपवावंसं वाटलं. असं का वाटलं? त्याचं उत्तर द्या आणि मग मला गलबतात बसवा."

बोलता बोलता त्याचा हात तोंडावरून कधीच खाली आला होता. त्याचे त्याला कळले नाही. आचार्यांना कळले.

त्यांनी खोड बाजूला ठेवले. "बस. आता माझं ऐक. मीही रागातच बोलणार आहे.

"तू ज्याला आदर समजलास तो आदर नव्हता. माझं डोकं दगडांखाली होतं आणि तू स्वतःची लाज सांभाळत होतास. ईश्वरानं एक सत्य तुझ्या नखाच्या टोकावर ठेवलं. ते माझ्याकडे नव्हतं, माझ्या ग्रंथात नव्हतं, या हसणाऱ्या पोरांकडे तर नव्हतंच. ज्यासाठी तुला दिलं होतं त्या कामी तू ते लावलं नाहीस. उपास केलास. देव तुझ्या उपासाचं काय करणार होता? परमुलखातून शिकायला येणारा कोरा येत नाही; आपल्या घरचं, आपल्या किनाऱ्याचं काहीतरी घेऊन येतो. ते बाह्यांत लपवलंस आणि आमचे शब्द पाठ केलेस. आपल्या बेटवाल्याबरोबर जेवलास, आपल्या भाषेत रडला असशील, घरी खोटी पत्रं लिहिली असशील. मग हाक मारायची वेळ आली तेव्हा तुला आमची भाषा सापडली नाही. सापडणार कुठून? नऊ महिने वापरलीच नव्हतीस. हसतील म्हणून? हसतात. पहिल्या वर्षी सगळे हसतात. मोडकं बोल, चुकीचं बोल, दहा वेळा विचार. पण सुतार हातोडा उचलण्यापूर्वी बोल."

आचार्यांचा आवाज खाली आला, पण राग तसाच होता.

"हा झाला तुझा भाग. माझा याहून मोठा आहे. मी रोज 'शंका?' असं विचारतो आणि जो मोठ्यानं ओरडतो त्याचंच ऐकतो. शेवटच्या रांगेतल्याच्या गप्प बसण्याला मी शील म्हणालो, कारण त्यानं माझं काम हलकं होत होतं. आणि ऐक. ते 'सात दिवस' माझ्या गुरूंनी लिहिले. मी पन्नास वर्षं वाचतो आहे. कोणत्या चुन्याला, कोणत्या हवेत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. का? मला त्यांचा आदर वाटत होता." त्यांनी ओरखडे उठलेल्या मनगटाकडे पाहिले. "तुला हाकललं तो राग तुझ्यावरचा की माझ्यावरचा, हे मला तीन दिवस उलगडलं नाही. एवढंच ठरवलं होतं: नमस्कार करून मुकाट निघून गेलास तर जाऊ द्यायचं. न विचारणारा माणूस पूल बांधील आणि त्याच्या गावची पोरं त्यावरून चालतील, हे पाप मला नको होतं."

खालून घाटावर गलबताचा शंख वाजला. दोघांनी तो ऐकला. कोणी उठले नाही.

त्याच दिवशी आचार्यांनी सभागृह बंद ठेवले आणि सर्वांना ओढ्यावर नेले. स्वतः दगडांच्या राशीवर विद्यार्थ्यांमध्ये बसले आणि बेटावरच्या विद्यार्थ्याला समोर उभे केले. "सांग. हा चुना किती दिवसांत बसतो?"

तो बोलू लागला. बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. उच्चार तसेच वेडेवाकडे होते. पुढच्या रांगेतला तोच मुलगा हसला.

आचार्यांनी या वेळी मान वर केली. "ऊठ," ते त्याला म्हणाले. "तुझा आवाज मोठा आहे, म्हणून मी तुला बुद्धिमान समजत होतो. दहा दिवसांपूर्वी तू माझ्याशी अर्धा प्रहर दगडाच्या जातीवर भांडलास. चुन्याला बोट लावून पाहिलंस?"

"नाही, आचार्य."

"आता लाव. हा सांगेल तसं लाव."

त्या संध्याकाळी विद्यार्थ्याने गावाला पत्र लिहिले. कमान पडली. ती पडणार हे मला ठाऊक होते आणि मी वेळेवर सांगितले नाही. कोणी मेले नाही, ही देवाची कृपा. मला अजून फार शिकायचे आहे. असे पत्र त्याने प्रथमच धाडले, आणि तेही गावात मोठ्यानेच वाचले गेले.

कमान पुन्हा उभी राहिली. अठ्ठावीस दिवस लोटले. सुतार कंटाळले होते, मुले कंटाळली होती, आणि आता पुरे झाले असे आचार्यांनाही वाटू लागले होते. एकोणतिसाव्या सकाळी ते स्नान करून आले आणि कमानीकडे चालू लागले. दोन पावलांवर थांबून त्यांनी मागे पाहिले.

"शंका?"

विद्यार्थी पुढे झाला, सांध्यात अंगठ्याचे नख दाबले आणि वाकून पाहिले. पुसट, पण खूण उमटली होती.

"थांबा," तो म्हणाला. हात तोंडावर नव्हता. "अजून दोन दिवस."

सुतार पुटपुटले. आचार्य मागे फिरले आणि पुन्हा वाळूत जाऊन बसले.

दोन दिवसांनी नख सरकले, खूण उमटली नाही. त्या सकाळी कमानीखाली दोघे जण उभे राहिले. पाचरी एकामागून एक निघाल्या, सांगाडा उतरला, आणि वर दगड जागच्या जागी राहिले. शेवटच्या रांगेत त्या दिवशी ग्रंथशाळेतला थोरला येऊन बसला होता. नकलेची पोथी त्याने मांडीवर मिटून ठेवली होती, आणि आचार्यांनी "शंका?" म्हणताच त्याने सहा वर्षांत प्रथमच हात वर केला.

आपल्या मुलाला परदेशी शिकायला धाडताना सामानात काय काय भरायचे याची यादी आपण करतो. "पहिल्या आठवड्यात हसतील, तरी विचार," एवढे त्याला घरातल्या कोणी सांगितले का, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.